बावीस क्लँप

नळ बंद केला आणि भिंतीच्या आत काहीतरी आपटलं. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. फळीवरच्या पेल्यातला माझा ब्रश हलला. मी नळ पुन्हा उघडून पुन्हा बंद केला. परत धाड्, आणि पाठोपाठ वर छताजवळ विरत गेलेले तीन-चार ठोके. पाइपाचा आवाज. कुणाच्याही घरात होतो, लोक दोन शिव्या घालतात आणि कामाला लागतात. पण आमच्या घरात तो होत नाही. एकोणीस वर्षांत एकदाही झालेला नाही. मी ओल्या तोंडानंच बाहेर आले. बाबा टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी दचकले ती आवाजानं नाही, त्या न हललेल्या मानेनं. अडतीस वर्षं या माणसानं लोकांच्या भिंतींतलं पाणी सांभाळलं. जिन्यात उभं राहून कुठल्या मजल्यावरचा नळ गळतोय ते सांगितलं. नुसता तळवा टेकवून भिंतीतली गळती शोधली. सगळी इमारत अजून त्यांना फोरमन म्हणते. आणि आता हे फोरमन पावाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत लोणी नेण्यात गढून गेले होते, जणू एखादा कोपरा कोरडा राहिला तर कुणीतरी येऊन जाब विचारणार होतं.

"बाबा, ऐकलंत?"

"काय?"

"पाइप वाजला. केवढ्यानं!"

"हां," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दाब वाढलाय. वरच्या टाकीचा. होईल कमी."

मला बरं वाटलं. किती लवकर बरं वाटलं, याची नंतर लाज वाटत राहिली. दाब वाढलाय म्हणजे दाब वाढलाय. त्याच स्वरात त्यांनी जन्मभर लोकांना अशी उत्तरं दिली आणि ती बरोबर निघाली. मी डबा घेतला आणि कामावर गेले.

माझं काम लोकांचे कान तपासायचं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक जाड भिंतींची पेटीवजा खोली आहे, तिला एक काच. आत माणूस कानांवर हेडफोन लावून बसतो, हातात एक बटण. मी काचेच्या अलीकडून बारीक बारीक सूर सोडते. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. वीस वर्षं हे केल्यावर आलेखाच्या आधी मला चेहरे वाचता येतात. ऐकू येणारा माणूस सूर येताना जरासा बाहेर जातो, म्हणजे त्याचे डोळे जातात. ऐकू न येणारा, पण ते कबूल नसणारा, माझ्याकडे बघून हसत राहतो आणि ठरावीक वेळानं बटण दाबतो. अंदाजानं. अंदाजाला एक ताल असतो. खऱ्या ऐकण्याला तो नसतो. त्या दिवशी दुपारी एक निवृत्त पोस्टमास्तर आत बसले होते आणि मी सूर सोडलेलाच नसताना त्यांचा दिवा लागत होता, विझत होता. मी काचेतून बघत राहिले आणि डोक्यात, कारण नसताना, बाबांची गेल्या वर्षभरातली उत्तरं येत गेली. बरं आहे. होईल. बघू की. हो ना. तुला काय वाटतं? किती समजूतदार झालेत म्हातारपणी, असं मी धाकट्या भावाला फोनवर सांगितलं होतं. पोस्टमास्तरांनी पुन्हा बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून गोड हसले.

आठवडाभर आवाज वाढत गेला. नळ, फ्लश, कपडे धुण्याचं मशीन, काहीही बंद झालं की भिंत ठोसा द्यायची. मग शिवणवाली वर आली. आमच्या बरोबर खाली राहते, दिवसभर मशीनवर असते, बोलताना तोंडातल्या टाचण्या सांभाळत बोलते. "ताई, राग नका मानू. पण दुपारी फारच ठोकाठोक चालते हो तुमच्याकडे. माझा टाका चुकतो."

"दुपारी घरात बाबा एकटेच असतात," मी म्हणाले. "ते फार पाणी वापरत नाहीत."

"पाण्याचं म्हणत नाही मी. नुसती ठक ठक. मधेच थांबते, मग परत."

"दाब वाढलाय टाकीचा," मी म्हणाले. तिनं मान हलवली. तिलाही बरं वाटलं असावं.

फोरमनच्या मुलीनं दुसरा प्लंबर बोलवायचा म्हणजे शरमेची गोष्ट, म्हणून मीच खटपट सुरू केली. घरात येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व अर्धा वेढा आवळला. ओट्याखाली जिथे पाइप उघडा दिसतो तिथे तो भिंतीला घासत होता, तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून कोंबले. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ज्या घरात जेवताना वायसर आणि आटे यांवर बोलणं चालतं त्या घरात वाढलेल्या पोरीला ते आपोआप येतं. दोन दिवस आवाज खरंच दबला. तिसऱ्या दिवशी धाड्. ओट्याखाली वाकून पाहिलं तर रबराचा एकही तुकडा नव्हता. "बाबा, इथलं रबर कुणी काढलं?" "कुठलं रबर?" त्यांच्या तोंडावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. ते माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले, वाकून बघितलं, पाइपावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रबर हवं इथे. कुणी केलंय हे काम?"

कुणी केलंय. मी ओट्याला धरून उठले. हे काम त्यांनीच केलं होतं. आई होती तोवर आमचे पाइप इमारतीत सगळ्यात वाईट वाजायचे. आई म्हणायची, "गावभरचे नळ गप्प करून येता आणि माझ्या घरात हे भूत ठेवलंय." बाबा म्हणायचे, उद्या बघतो. त्या उद्याची वीस वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात तिला झोप लागायची नाही; डोळा लागला की कुणीतरी कुठेतरी नळ बंद करायचं आणि ती दचकून उठायची. मी उशा आणून भिंतीला लावायचे. मग ती गेली, आणि नंतरच्या आठवड्यात बाबांनी कामावर रजा टाकून घराच्या भिंती फोडल्या. मी सव्वीस वर्षांची होते, मला वाटलं यांना वेड लागलं. सगळी लाइन नवी टाकली. जिथे पाइप वळतो तिथे, जिथे सरळ जातो तिथे दर दोन हातांवर, एकेक क्लँप, प्रत्येक क्लँपच्या आत रबराची पट्टी. बावीस क्लँप. तो आकडा मला ठाऊक आहे, कारण त्या दिवसांत ते माझ्याशी तेवढंच बोलले. अठरा झाले. एकोणीस झाले. भिंती बुजवल्या नाहीत. पत्र्याची झाकणं स्क्रूनं बसवली, पुढे कुणाला उघडायला सोपं जावं म्हणून. शेवटी घरातले सगळे नळ सोडले, एकेक करून बंद केले, आणि इतकी शांतता झाली की मला आईचा राग आला, की हिनं आणखी थोडी वाट का पाहिली नाही. बाबा रडले नाहीत. जेवले आणि झोपले.

शेवटी मी डावऱ्याला फोन केला. तो बाबांच्या हाताखाली दहा-बारा वर्षं होता. डाव्या हातानं पाना फिरवतो म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. आता स्वतःची चार माणसं हाताखाली आहेत, कानशिलं पांढरी झालीत, पण बाबांच्या तोंडचं ते नाव त्याला पदवीसारखं वाटतं. रविवारी सकाळी आला. दारात वाकून म्हणाला, "काय उस्ताद, तुमच्या घरचा पाइप वाजतो म्हणजे आता आमचं काय खरं!" आणि मोठ्यानं हसला. बाबा खुर्चीतून उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. "या साहेब," ते म्हणाले. "बसा. चहा घेणार?"

डावऱ्या हसायचा थांबला नाही लगेच. हसू तोंडावर राहिलं आणि खालून माणूस निघून गेला, असं काहीतरी झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला गेले.

मी परत आले तेव्हा तो न्हाणीघरातलं पत्र्याचं झाकण उघडून आत टॉर्च मारत होता. बाबा मागे हात बांधून उभे होते, एखाद्या कामावर पाहणीला आल्यासारखे. "काम चांगलं आहे," बाबा म्हणाले.

"हो ना उस्ताद," डावऱ्या म्हणाला.

"चांगलं आहे, पण उशिरा केलंय."

"कशावरून?"

"कळतं," बाबा म्हणाले आणि चहा घ्यायला बाहेर गेले.

डावऱ्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. आत पाइप उघडा लोंबत होता. भिंतीवर स्क्रूंची भोकं, जोडीजोडीनं, ओळीनं. "बावीसातले सात राहिलेत," तो म्हणाला. "गंजून पडलेले नाहीत, ताई. ओढूनही काढलेले नाहीत. नीट सोडवलेत. भोकाची कडसुद्धा खरवडली नाही कुठे. या शहरात असं काढणारा एकच हात मला माहीत आहे." बाहेर बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. शिवणवालीची ठक ठक. दुपारची. मधेच थांबते, मग परत. मी काचेमागे बसून लोकांना सूर ऐकवत असताना हा माणूस मी झाकून ठेवलेलं जेवण जेवून, हात धुऊन, कामावर जात होता. घरातल्या घरात.

"ताई," डावऱ्या हळूच म्हणाला, "तुमचा गॅस पाइपाचा आहे ना? लाइन कुठून येते?"

स्वयंपाकघरात त्यानं भांड्याच्या साबणाचा फेस केला आणि ब्रशनं गॅसच्या प्रत्येक जोडावर लावत गेला. पहिल्या जोडावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. तिसऱ्यावर, शेगडीच्या मागे, जिथे माझा हात रोज जातो, एक बुडबुडा आला. फुगला, फुटला. तिथेच दुसरा आला. तो किती सावकाश येत होता! रोज सकाळी मी याच जोडापासून वीतभर अंतरावर काडी ओढत होते. "यालाही पाना लागलाय," डावऱ्या म्हणाला. "दीड आटा सुटलाय. फार नाही." फार नाही, असं तो दोनदा म्हणाला.

तो संध्याकाळपर्यंत थांबला. नवे क्लँप, नवी रबरं, व्हॉल्ववर दाब कमी करणारी चकती. गॅस बाहेरच्या बाहेर बंद करून त्यानं कॉकची मूठच काढून घेतली. मी विजेची शेगडी आणायचं ठरवलं. जुने पंधरा क्लँप बाबांच्या कपाटात सापडले, वर्तमानपत्रात जोडीजोडीनं गुंडाळलेले, स्क्रूंसकट, वर तेलाचा हात फिरवलेला. जाताना डावऱ्या बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "माणसं चांगली ठेवा हाताखाली." जिन्यात तो मला म्हणाला, "हत्यारं काढून घ्या, ताई. आणि खालच्यांना, वरच्यांना जरा कानावर घालून ठेवा."

हत्यारं मी काढून घेतली. दोन्ही पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं पिशवीत भरून रुग्णालयातल्या माझ्या कपाटात नेऊन ठेवलं. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टरची वेळ घे, आणि तोवर बाहेरून कुलूप लावून जात जा." मी म्हटलं, फोरमनला कुलूप? तो म्हणाला, मग तू रजा घे. मी म्हटलं, तू घे. असं ते बोलणं संपलं. डॉक्टरची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली. कुलूप मी लावलं नाही. आणि खालच्यांच्या कानावर घालायचं, तेही केलं नाही. दोन दिवसांनी शिवणवाली जिन्यात भेटली, "झालं का हो काम? काय निघालं?" तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. मी तोंड उघडलं. सगळी इमारत ज्याला फोरमन म्हणते त्याच्याबद्दल पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, ते मला जुळेना. "दाब जास्त होता," मी म्हणाले. "टाकीचा." मला ठाऊक आहे माझा चेहरा कसा दिसला असेल. तसे चेहरे मी रोज काचेतून बघते.

घर गप्प झालं होतं. नळ बंद करताना मी हात आखडायचे, आणि काही व्हायचं नाही. बाबा मात्र अस्वस्थ होते. कपाट उघडायचे, बंद करायचे. पलंगाखाली बघायचे. "काय शोधताय?" विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, होतं इथेच." गुरुवारी सकाळी मी निघाले तेव्हा ते कपडे करून, बूट घालून टेबलाशी बसले होते. "कुठे निघालात?" "तक्रार आलीय," ते म्हणाले. मी म्हटलं, उद्या बघा. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं आणि ते एकदम माझ्याकडे बघायला लागले, पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, माझ्याकडे.

साडेअकराला मी एका बाईंच्या कानांवर हेडफोन चढवून काचेच्या अलीकडे आले तेव्हा फोन वाजला. शिवणवाली. आवाजात नुसता आनंद. "ताई, खास फोन केला. तुमच्या वडिलांनी कमाल केली हो! सकाळी स्वतः आले, म्हणाले, तुमच्याकडून तक्रार आलीय पाइपाची. मी म्हटलं, काका, तुम्ही कशाला या वयात. पण ऐकलं नाही त्यांनी. आमच्या यांची हत्यारांची पेटी दिली काढून. न्हाणीघरातला पाइप कसा आवळून दिलाय, अगदी गप्प. आता म्हणाले, आलोच आहे तर गॅसचंही बघतो."

काचेपलीकडच्या बाई बटण हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

"इथेच, बाहेरच्या खोलीत. इस्त्री चाललीय. जरा वास येतोय, पण काका म्हणाले, काम करताना येतोच."

"ऐका. इस्त्री आहे तशी सोडा. कुठल्याही बटणाला हात लावू नका, बंद करायलाही नाही. दार उघडा आणि जिन्यात जा. फोन घेऊन खाली जा. वरच्यांना हाका मारा, सगळ्यांना खाली काढा."

"अहो, पण काका..."

"त्यांना बरं नाही," मी म्हणाले. इतके दिवस जे वाक्य जुळत नव्हतं ते एवढंच होतं. "माझ्या वडिलांना काही आठवत नाही. जा तुम्ही."

रस्ता सात मिनिटांचा आहे. अग्निशमनवाल्यांना फोन केला, तो कसा केला आठवत नाही. धावताना मी कान देऊन होते, आणि शहर आपलं चाललं होतं, गाड्या, कुणाचा तरी रेडिओ, फुटपाथवर दगड बसवणाऱ्यांच्या हातोड्या, आणि प्रत्येक क्षणी मला वाटत होतं की आता, या पुढच्या पावलाला, एक मोठा आवाज येईल आणि त्यानंतर मला जन्मभर काहीच ऐकावं लागणार नाही. इमारतीसमोर लोक उभे होते. शिवणवाली मला बघून रडायला लागली. "हाक मारली मी," ती म्हणाली, "पण ते म्हणाले, काम अर्धं टाकून येता येत नाही." कुणीतरी माझा दंड धरला. मी तो सोडवला.

जिन्यात वास होता. तिच्या दारात जास्त. मी जाता जाता खिडक्या ढकलत गेले. इस्त्री टेबलावर उभी होती, तिचा छोटा लाल दिवा लागलेला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे गेले.

बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. पाय पसरून, पाठ ओट्याला टेकून, बुटांसकट. शेगडीची रबरी नळी काढून बाजूला गुंडाळून ठेवलेली, पाना फडक्यावर नीट आडवा. आणि भिंतीतून आलेल्या पाइपाच्या उघड्या तोंडावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता. किती वेळ धरला असेल कुणास ठाऊक. नख पांढरंफटक पडलं होतं. त्यांनी वर पाहिलं. घामानं चष्मा नाकावर घसरला होता.

"बाई," ते म्हणाले, "घरात कुणी पुरुषमाणूस असेल तर बोलवा जरा. मघापासून धरून बसलोय. सोडायचं नाही एवढं कळतंय. पुढचं काय करायचं ते..." त्यांनी ओठ हलवले. "येत नाहीये."

मी ओट्याच्या टोकाला, मीटरजवळ, कॉक शोधला. आडवा केला. दुसऱ्यांदा हात लावून बघितला. खिडकीतून वारा यायला लागला होता, खालून लोकांचा गलका, लांबून घंटा. मी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"बंद केलं, बाबा. सोडा आता."

त्यांनी मान हलवली. "नक्की?"

"नक्की."

"सगळेच म्हणतात," ते म्हणाले, आणि अंगठा आणखी दाबला. खालच्या ओठाखाली एक बारीक स्नायू उडत होता. त्यांच्या चेहऱ्यावर अंदाज नव्हता, हसू नव्हतं. वर्षभरात मी पाहिलेला तो पहिला खरा चेहरा होता, आणि त्यावर नुसती भीती होती. काय करून बसलोय ते त्यांना कळलं होतं. तेवढंच कळलं होतं. मी पुन्हा सांगितलं, कॉक दाखवला, हाताला धरून ओढलं. ते दगडासारखे बसून राहिले. खाली घंटा वाजायची थांबली, जिन्यात जड पावलं वाजायला लागली.

"द्या," मी म्हणाले. "मी धरते. तुम्ही उठा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. नवीन आलेलं माणूस कामाचं आहे की नाही, असं. मग माझा हात हातात घेऊन अंगठा पाइपाजवळ नेला, आपला काढला आणि माझा ठेवला, एका झटक्यात, मधे फटसुद्धा पडू न देता.

"घट्ट," ते म्हणाले. "काही झालं तरी सोडू नकोस."

"नाही सोडत."

ते ओट्याला धरून उठले आणि दारातून आलेल्या माणसांबरोबर निमूट बाहेर गेले. मी बंद पाइपावर अंगठा दाबून बसून राहिले.